हिरव्या पट्टीचा कोट

१

चोरी झाली होती एवढं नक्की. पंचाईत अशी, की चोरीला गेलेली वस्तू म्हणजे एक आठवण होती आणि ती एकाच वेळी तिघांकडे सापडली.

आईंचा पंच्याहत्तरावा वाढदिवस रविवारवर आला होता. नवरा लवकर गेल्यावर आईंनी उभा जन्म लाँड्री चालवली आणि त्या वाफेतच तीन मुलं वाढवली. आता दुकान थोरले दादा बघायचे. त्यांनी लग्न केलं नव्हतं. दुकानाशीच केलंय म्हणायचे. मधल्या ताई एका शाळेत मुख्याध्यापिका. धाकटा फार्मासिस्ट, आणि आई राहायच्या त्याच्याकडे. धाकट्याची बायको विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायची. कुणाची गाडी खरंच ठोकली गेली आणि कुणी आपणहून भिंतीवर घातली, हे शोधण्यात तिचा दिवस जायचा. दादांनी तिचं नाव चौकशीबाई ठेवलं आणि ते तिला कायमचं चिकटलं.

कार्यक्रम चौकशीबाईनेच आखला होता. प्रत्येकाने आईंची एक आठवण स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून द्यायची, ती जोडून हॉलमध्ये सगळ्यांना ऐकवायची. दादांनी रेकॉर्डिंग पाठवताना बजावलं होतं, "शेवट माझ्यासाठी मोकळा ठेव. आणि का ते विचारू नकोस."

गुरुवारी दुपारी ती स्वयंपाकघरात कानाला इअरफोन लावून बसली. बाहेर आई पेपर वाचत होत्या. थंडी वाजली की त्या हाताला येईल तो सुनेचा स्वेटर चढवत, आणि त्यांना तो असा बसे, की विणणारीने माप त्यांचंच घेतलं असावं. आजही त्यांच्या अंगात तिचाच स्वेटर होता.

आधी दादा. "शाळेची वक्तृत्व स्पर्धा होती. माझ्याकडे धड कपडे नव्हते. आईने दुकानातून निळा कोट आणला. म्हणाली, गिऱ्हाइकाचा आहे, जपून वापर, संध्याकाळी परत आण, कुणाला बोलू नकोस. बाह्या आत दुमडून टाके घातले. मी इतका घाबरलो होतो की बटणंसुद्धा लागेनात, सगळं उलटंच वाटत होतं. कॉलरला टाचलेली दुकानाची हिरवी पट्टी मानेला टोचत होती. पण पहिला आलो. एवढी जोखीम आईने फक्त माझ्यासाठी घेतली."

मग ताई. शाळेचा निरोप समारंभ, गाणं, निळा कोट. "हिरवी पट्टी टोचत होती, पण गिऱ्हाइकाच्या पट्टीला हात लावायचा नाही ही आमच्या घरची पहिली शिकवण. कुणाला बोलू नकोस, म्हणाली होती आई. आज पहिल्यांदा बोलतेय. ते फक्त माझ्यासाठी होतं."

शेवटी नवरा. शिष्यवृत्तीचा सत्कार, निळा कोट, बाह्या गुडघ्यापर्यंत, हिरव्या पट्टीचं टोक दिसू नये म्हणून फोटोत मान ताठ. "गिऱ्हाइकाचा आहे म्हणाली. पण माझ्यासाठी तिने दुकानाची अब्रू पणाला लावली."

चौकशीबाईने इअरफोन काढून टेबलावर आपटले. तिघांपैकी दोघे खोटं बोलतायत असं तिला वाटलं असतं, तर तिला हसू आलं असतं. तिचा तिळपापड झाला तो वेगळ्याच कारणाने.

तो कोट तिनेही घातला होता.

२

लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा. विमा कंपनीची मुलाखत होती, आणि आहेत त्या कपड्यांत गेलं तर दारावरचा माणूससुद्धा आत सोडणार नाही अशी तिची खात्री होती. आई तिला काही न बोलता दुकानात घेऊन गेल्या. मागच्या भिंतीला, ब्लँकेटांच्या मांडणीआड, शेवटच्या खुंटीवर निळा कोट होता. "गिऱ्हाइकाचा आहे. जपून वापर, संध्याकाळी परत आण. आणि कुणाला बोलू नकोस." कोट तिला अंगासरशी बसला, एक टाका घालावा लागला नाही.

नोकरी लागली. ती धावत सांगायला आली तर आई "बरं झालं" म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. पुढे कितीतरी दिवस त्या तिच्याशी धड बोलल्या नाहीत. का, ते तिला कधी कळलं नाही. कोट देणाऱ्या आई खऱ्या की तोंड फिरवणाऱ्या, हा प्रश्न तिने इतकी वर्षं मनात ठेवला होता. सासूशी वाजलं की ती स्वतःला बजावायची, काही झालं तरी कोट त्यांनी मलाच दिला होता. नवऱ्याला तिने ते कधी सांगितलं नव्हतं, आणि रेकॉर्डिंगातही दुसरंच काहीतरी गुळमुळीत बोलली होती. शब्द दिला होता म्हणून.

आणि इथे तिघं आपापला कोट घेऊन उभे! सख्खी मुलं, त्यांना आईच्या आठवणींचा काय तुटवडा? बाकी हजार होत्या. नेमकी हीच का? तिला त्या तिघांचा इतका राग आला की रेकॉर्डिंगं पुसून टाकावीत असं क्षणभर मनात येऊन गेलं.

ती चहा द्यायला बाहेर गेली तेवढ्यात नवरा आला. टेबलावरचा मोबाइल त्याने सहज कानाला लावला, आणि परत येऊन बघते तर त्याचा चेहरा लालबुंद.

"दादाने माझी आठवण ढापली! आणि ताईनेसुद्धा!"

"हळू बोला, आई बाहेर आहेत."

तो गॅलरीत गेला आणि त्याने दोघांना फोन लावले. व्हायचं ते झालं. संध्याकाळपर्यंत तिघं एकमेकांना चोर म्हणून मोकळी झाली होती. शेवटी ताईंचा चौकशीबाईला निरोप आला. "खरं काय ते बाहेर पडल्याशिवाय मी रविवारी हॉलची पायरी चढणार नाही. आईला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

३

शुक्रवारी ऑफिसमधून लवकर निघून ती लाँड्रीत गेली. दादा प्रेसच्या यंत्रापाशी उभे होते. काउंटरवर कपड्यांची गाठोडी, आणि प्रत्येक कपड्याच्या कॉलरला जांभळ्या कापडाची बारीक पट्टी, तिच्यावर शाईने नंबर.

"या चौकशीबाई. चोर पकडायला आलात? एक तुमच्या घरातच आहे बघा."

"दादा, कोट नक्की निळाच होता?"

"मी या धंद्यात आहे. मला रंग शिकवू नकोस."

"आणि पट्टी हिरवी?"

दादा हसले. ते हसणं तिच्या ओळखीचं होतं. खिशात भक्कम पुरावा असलेला दावेदार असाच हसतो. "हिरवीच. आणि त्या हिरव्यावरच या दोघांची फजिती होणार आहे. रविवारी बघ."

"आता सांगा ना."

"आता नाही. चारचौघांत. लहानपणापासून मी यांच्यासाठी दुकानात राबलो. ही शाळेत गेली, तो कॉलेजात गेला, आणि आईचं कौतुक मात्र त्यांच्याकडे. एक गोष्ट माझी आहे, ती मी सोडणार नाही."

काउंटरवर गिऱ्हाईक आलं. दादा तिकडे वळले तशी ती मागच्या खोलीत शिरली. ब्लँकेटांची मांडणी होती तिथेच होती. तिच्यामागे हात घालून तिने शेवटची खुंटी चाचपली.

खुंटी रिकामी होती. भिंतीवर मात्र खांद्यांच्या आकाराचा एक स्वच्छ डाग होता, आणि सभोवार वर्षानुवर्षांची धूळ. कोट इतकी वर्षं तिथेच लटकत होता, आणि तो नुकताच कुणीतरी काढून नेला होता.

४

"माझ्यावर संशय आहे का तुझा?" ताईंनी विचारलं. चौकशीबाई लाँड्रीतून थेट त्यांच्याकडे आली तेव्हा शाळा सुटली होती आणि त्यांच्या केबिनमध्ये फक्त पंखा बोलत होता.

"संशय नाही, ताई. विचारतेय. तुम्ही कोट घातला तेव्हा दादा काय करत होते?"

"दादा? कॉलेज अर्धं सोडून दुकानात बसायला लागला होता. मला चांगलं आठवतं, कारण त्याच्या डोळ्यांदेखत तो कोट पिशवीत घालून बाहेर काढायचा होता. आईने त्याला साबण आणायला पिटाळलं होतं."

"त्या वर्षी दुकानाच्या पट्ट्या कुठल्या रंगाच्या होत्या?"

ताई थबकल्या. "पिवळ्या असतील. नाही, पिवळ्याच. बाकी सगळ्या कपड्यांना पिवळ्या होत्या."

"आणि कोटाला हिरवी. तुम्हाला नवल नाही वाटलं?"

"वाटलं. पण विचारलं नाही. विचारलं असतं आणि आईने कोट काढून घेतला असता म्हणजे?" ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा आवाज एकदम शाळेतल्या मुलीसारखा झाला. "हे बघ, दादाला दुकान मिळालं. धाकट्याला आई मिळाली. मी लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले, सणासुदीला येणारी पाहुणी झाले. तुम्ही तिघं तिच्याबरोबर रोज चहा पिता, मला त्याचासुद्धा हेवा वाटतो. तो कोट तरी राहू द्या मला."

आपणही त्या कोटाच्या वाटेकरी आहोत हे सांगायला चौकशीबाईची जीभ रेटली नाही.

परतताना बसमध्ये तिने सगळं पुन्हा पारखून पाहिलं. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्याची गोष्ट उचलतो, पण दुसऱ्याची खाज उचलत नाही. तिघांच्याही मानेला ती पट्टी टोचली होती. बाह्या प्रत्येकाच्या वेगळ्या मापाने लांब होत्या. म्हणजे तिघंही खरं बोलत होती. मग कोट काढून कुणी नेला असेल? भिंतीवरचा डाग ताजा होता. ताई कित्येक महिन्यांत दुकानात गेल्या नव्हत्या, नवऱ्याला तर ती खुंटीच ठाऊक नव्हती. आणि कार्यक्रमाचा शेवट कुणी मागून घेतला होता?

ती पुढच्याच स्टॉपला उतरली आणि मागे फिरली.

५

दादा शटर ओढायच्या बेतात होते.

"दादा, कोट द्या."

"कुठला कोट?"

"शेवटची खुंटी. रविवारी तुम्ही तो सगळ्यांसमोर उघडणार आहात."

दादांचं तोंड एवढंसं झालं. मग ते मुकाट्याने आत गेले आणि कपाटातून पांढऱ्या आवरणातला कोट घेऊन आले. "मांडणी रंगवायला काढली तेव्हा सापडला. हा बघ माझा पुरावा. पट्टीचा रंग आपण दरवर्षी बदलतो, कपडा कधी आला ते लांबून कळावं म्हणून. हिरवा रंग एकदाच झाला. धुताना एका साहेबांच्या पांढऱ्या शर्टाला तो लागला, आईला पदरच्या पैशाने शर्ट भरून द्यावा लागला, आणि तिने हिरव्याचं नाव टाकलं. ते वर्ष माझ्या वक्तृत्वाचं. कोट त्या वर्षी आला. माझ्यासाठी आला. आता बोल!"

पुरावा पक्का होता. दुसरं कुणी असतं तर तिथेच फाइल मिटवली असती. पण चौकशीबाईला आईंनी तो दिला तेव्हाही पट्टी हिरवीच होती.

"दादा, गिऱ्हाइकाने नेला असता आणि परत आणला असता, तर पट्टी नवी लागली असती ना?"

"अर्थात."

"ताईंच्या वेळीही हिरवी. तुमच्या भावाच्या वेळीही हिरवी. म्हणजे त्या वर्षानंतर हा गिऱ्हाइकाकडे गेलाच नाही."

"मग न्यायला कुणी आलं नसेल."

"वर्षभर न नेलेल्या कपड्याचं आई काय करायच्या?"

दादा गोंधळले. "देऊन टाकायची. एक दिवस जास्त ठेवायची नाही."

तिने कॉलर उलटी केली. आतलं अस्तर पांढरंशुभ्र होतं. "हिरवा रंग लागतो म्हणालात. इथे डाग नाही. हा कोट इथे आला, पण एकदाही धुतला गेला नाही. लाँड्रीत कुणी न धुण्यासाठी कपडा टाकतं का?"

चौकशीबाईने पट्टी चिमटीत धरली.

"हात लावू नकोस!" दादा जवळजवळ ओरडले. पन्नाशी उलटलेला माणूस, पण घरची पहिली शिकवण अशी हाडात मुरलेली.

तिने पट्टी उलटी केली. मागून पुढून, दोन्हीकडून, ती कोरी होती. नंबर नाही, नावाचं अक्षर नाही. या कोटाला गिऱ्हाईक नव्हतंच.

६

रविवारी सकाळी हॉल लावायच्या निमित्ताने तिने तिघांना बोलावलं. ताईसुद्धा आल्या, पायरीवर थोडा वेळ उभ्या राहून. एकमेकांकडे न बघता तिघांनी तीन खुर्च्या धरल्या. मधल्या टेबलावर कोट होता.

"चोर कुणीच नाही," चौकशीबाई म्हणाली. "आईंनी हा तुम्हा तिघांनाही दिला, आणि तिघांनाही गप्प बसवलं. कोट घरचा आहे म्हटलं असतं तर काय झालं असतं?"

"मारामाऱ्या," नवरा म्हणाला.

"म्हणून त्यांनी त्याला दुकानाची पट्टी लावली. गिऱ्हाइकाच्या वस्तूवर कुणी हक्क सांगत नाही. आणि लाँड्रीवालीची मुलं पट्टी उलटून बघणार नाहीत, हे त्यांना पक्कं माहीत होतं. बाहेरच्या मुलांनी पहिल्याच दिवशी बघितलं असतं."

"पण मग कोट कुणाचा?" ताईंनी विचारलं.

"दादांची बटणं उलटी लागत होती. भीतीने नव्हे. बायकांच्या कोटाची बटणं दुसऱ्या बाजूला असतात." तिने कोट उचलला आणि अंगात चढवला. खांदे, बाह्या, कंबर, सगळं पूर्वीसारखंच जागच्या जागी. "मी मुलाखतीला हाच घालून गेले होते. आईंनी दिला होता."

"तुलासुद्धा?" तिघं एकदम ओरडली. निदान या एका बाबतीत भावंडांची एकी झाली.

"मलासुद्धा. आणि मला हा नेमका बसतो. या घरात माझ्या मापाचं आणखी एकच माणूस आहे. ते सध्या माझा स्वेटर घालून फिरतं."

दादा खाली बघत होते.

"त्या वर्षी तिने स्वतःसाठी कोट शिवला?" ते पुटपुटले. "कशासाठी? ती कुठे जाणार होती?"

हे मात्र चौकशीबाईला माहीत नव्हतं.

दुपारी हॉल भरला. तिने तिन्ही आठवणी एकामागून एक लावल्या, काहीही न कापता. दुसरा निळा कोट आला तेव्हा लोकांत कुजबुज झाली, तिसऱ्याला सगळे हसायला लागले. मग तिने चौथी लावली, आदल्या रात्री नव्याने बोललेली. आई पहिल्या रांगेत बसून ऐकत होत्या. त्यांना हसू आवरत नव्हतं, आणि नंतर ते हसू राहिलं नाही.

शेवट दादांचा होता. ते कोट घेऊन पुढे आले. बोलायचं पाठ करून आले होते, पण एवढंच म्हणाले, "आई, तू कुठे जाणार होतीस?"

"एका मोठ्या हॉटेलात," आई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "त्यांच्या लाँड्रीवर मुख्य बाई हवी होती. मला भेटायला बोलावलं होतं. त्याच सकाळी तुझी स्पर्धा निघाली आणि तू रडत बसलास. कोट एकच."

"म्हणजे माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे कसलं? मी घाबरले होते. तू रडलास आणि मला निमित्त मिळालं. नंतर वाटायचं, आपण नाही गेलो, निदान कोट तरी बाहेर जाऊ दे." मग त्यांनी पदर सारखा केला आणि काउंटरवर उभं राहावं तशा उठून उभ्या राहिल्या. "काय हो दुकानदार, माझा कपडा तयार आहे का? न्यायला जरा उशीर झाला."

पट्टी कापायची ती गिऱ्हाइकासमोर आणि दुकानदारानेच, हाही घरचाच नियम. दादांनी खिशातून कात्री काढली. ताईंनी पुढे होऊन कॉलर धरली. हिरवी पट्टी खाली पडली. धाकट्याने कोट आईच्या खांद्यांवर चढवला आणि मागे उभा राहूनच बटणं लावायला लागला. त्यालाही ती उलटी वाटत होती.

टाळ्या थांबल्यावर लोक खाण्याकडे वळले. आईंनी सुनेला खुणेने जवळ बोलावलं.

"चौकशी पूर्ण झाली?"

"एक राहिलंय, आई. मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाहीत. माझं काय चुकलं होतं?"

आईंनी कोटाच्या बाहीवरून हात फिरवला. "तुझं काही चुकलं नव्हतं. मुलांच्या अंगावर तो कोट बुजगावण्यासारखा दिसायचा, मला हसू यायचं. तुझ्या अंगावर तो माझ्यासारखा दिसला. आणि तू गेलीस, आणि जिंकून आलीस. माझ्या पोटात दुखलं गं. असा हेवा मी जन्मात कुणाचा केला नव्हता. तुझ्याकडे बघवेना मला."

इतकी वर्षं चौकशीबाई त्या अबोल्याला राग समजत आली होती. तिचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला तिने चेष्टेचा सूर धरला.

"आणि आता? गेला का हेवा?"

"कुठला जातोय!" आई म्हणाल्या. त्यांनी कोटाचं वरचं बटण स्वतःच नीट लावलं. "पण आज कोट माझ्या अंगावर आहे. आज तू कर."